गळ्यात राखलेली भाषा



दिग्रसच्या बाजारात भाजीवाल्याशी मराठीत घासाघीस करणारी बाई सोबतिणीकडे वळली, की तिची भाषा बदलते. आईची 'याडी' होते. ही बंजारा समाजाची गोरबोली. समाजाचे संत सेवालाल महाराज यांचं पोहरादेवी इथून जवळच. १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक याच समाजाचे, पुसदजवळच्या गहुलीचे.

बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणाऱ्या तांड्यानं पोथ्या कुठे वागवायच्या? जे जपलं ते गळ्यात. होळीला डफावर लेंगी गातात. लग्न ठरलं की नवरी मोठ्या बायांकडून ढावलो शिकते. सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडायचं, ते गाण्यातूनच. म्हणून रडणंही शिकावं लागतं.

उत्तर अटलांटिक महासागरातल्या अठरा फेरो बेटांवर अशीच एक भाषा गळ्यात राहिली. तिथे चर्च, कचेरी, शाळा, सगळीकडे डॅनिश. घरातल्या फेरोईजला रूढ लेखनपद्धती मिळाली ती १८४६ साली, हॅमर्सहाइंब नावाच्या अभ्यासकाकडून. तोवर लोक हातात हात गुंफून रिंगण धरत आणि लांबलचक वीरगीतं गात. वाद्य नाही, ठेका पायांचा. १९३८ साली शाळेत फेरोईजला डॅनिशच्या बरोबरीचा मान मिळाला, १९४८ च्या स्वशासन कायद्यानं ती बेटांची मुख्य भाषा ठरली. बेटांवरची माणसं किती? आज चौपन्न हजारांच्या आसपास.

आणि आपल्याकडे? २०११ च्या जनगणनेत गोरबोली, म्हणजे लमाणी-लंबाडी, बोलणारे बत्तीस लाखांवर, पण मोजले गेले हिंदीच्या खात्यात. लिपीही प्रांतागणिक वेगळी: इथे देवनागरी, तेलंगणात तेलुगू, कर्नाटकात कन्नड. दिग्रसच्या लेकीनं गोरबोलीत लिहिलेली चिठ्ठी तेलंगणातल्या मावसबहिणीला वाचता येईलच असं नाही. फोनवर मात्र दोघी तासभर बोलतील.

फेरो बेटांवर स्वाबो नावाच्या गृहस्थानं १७८१-८२ मध्ये गावोगावची गीतं उतरवून घेतली. ही भाषा आता टिकत नाही, असंच त्याला वाटत होतं. भाषा टिकली, आणि त्याच्या वह्या पुढच्यांच्या कामी आल्या.

तेव्हा येत्या होळीला तांड्यात लेंगी रंगली की मोबाइलवर नुसती टेप करून थांबू नका. सकाळी आजीजवळ वही घेऊन बसा आणि एकेक शब्दाचा अर्थ विचारून लिहा.

जय सेवालाल.