‘शॅल’ म्हणजे नुसतं ‘करील’ नव्हे

आम्ही खर्डीच्या बचत गटाच्या बायका बोलतोय. आज हिशेबाची वही बाजूला ठेवू आणि इंग्रजीतल्या चार-पाच शब्दांविषयी बोलू. दचकू नका. हे शब्द आपल्या घरात कधीच शिरलेत. कर्जाच्या कागदात आहेत, मोबाइलच्या मेसेजमध्ये आहेत, दवाखान्याच्या चिठ्ठीवर आहेत.

गोष्ट आमच्या गटातल्या एका ताईंची. शिलाई मशीनसाठी त्यांनी एका खासगी कंपनीकडून कर्ज घेतलं. कागद इंग्रजीत होता, तो दहावीतल्या मुलाने वाचून दाखवला. त्यात एक ओळ होती, ‘द बॉरोअर शॅल इन्फॉर्म एनी चेंज ऑफ मोबाइल नंबर.’ ‘आय शॅल गो’ म्हणजे ‘मी जाईन’ असं मुलगा शाळेत शिकलेला. त्याने सांगितलं, ‘आई, नंबर बदलला तर कर्जदार कळवील.’ ताईंना वाटलं, सवडीने कळवू. लावणीच्या दिवसांत फोन पाण्यात पडला, नवा नंबर घेतला. हप्त्याचे मेसेज जुन्या नंबरवर जात राहिले. कामाच्या घाईत दोन हप्ते चुकले आणि दंड बसला.

मुलगा तसा चुकला नव्हता. पण करारात ‘शॅल’ आला की तो नुसता भविष्यकाळ राहत नाही, ती अट होते. आपल्या सरकारी मराठीतही असंच असतं. ‘ही अट बंधनकारक राहील’ असं लिहितात, तेव्हा ‘राहील’ म्हणजे पुढे कधीतरी नव्हे. त्यात सक्ती असते.

आता हे शब्द पायरीपायरीने बघू. ‘मे’ म्हणजे होऊ शकतं. ‘लेट फी मे बी चार्ज्ड’, म्हणजे दंड लागू शकतो, लागेलच असं नाही. ‘शुड’ म्हणजे सल्ला. ‘यू शुड टेक रेस्ट’, तुम्ही आराम करायला हवा. ‘मस्ट’ म्हणजे केलंच पाहिजे. आणि ‘विल हॅव टू’ म्हणजे पुढे करावं लागेल. ‘यू विल हॅव टू कम ऑन मंडे’, सोमवारी यावं लागेल. झालेल्या गोष्टीला ‘हॅड टू’ म्हणायचं. ‘आय हॅड टू गो टू शहापूर’, मला शहापूरला जावं लागलं.

इथे आपली एक गडबड होते. मराठीत आपण ‘मला जावं लागेल’ म्हणतो, म्हणून इंग्रजीतही ‘मी’ किंवा ‘टू मी’ तोंडात येतं. इंग्रजीत तिथे ‘आय’च लागतो. ‘आय विल हॅव टू गो.’ स्वयंपाक करता करता दहा वेळा म्हणा, बसेल जिभेवर.

सगळ्यात जपायचं ते नकाराला. ‘मस्ट नॉट’ आणि ‘डोन्ट हॅव टू’ सारखेच वाटतात, पण अर्थ अगदी वेगळे. ‘यू मस्ट नॉट ईट’ म्हणजे काही खायचं नाही, मनाई आहे. ‘यू डोन्ट हॅव टू फास्ट’ म्हणजे उपाशी राहायची गरज नाही. रक्त तपासायला जाताना ही गल्लत झाली, तर एक बाई खाऊन जाते आणि हेलपाटा पडतो. दुसरी उगाच उपाशी बसते आणि परतीच्या लोकलमध्ये तिला चक्कर येते.

आता हक्काची गोष्ट. मायक्रोफायनान्स कर्ज म्हणजे वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला काहीही गहाण न ठेवता मिळणारं कर्ज. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये नियम केले. त्यानुसार करार, कर्जाची माहिती देणारा कागद आणि कर्ज कार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावं लागतं. दंड लावलाच, तर तो थकलेल्या रकमेवर लावायचा, सगळ्या कर्जावर नाही. मुदतीआधी कर्ज फेडलं तर त्याचा दंड नाही. हे त्या ताईंना आधी ठाऊक असतं, तर मराठी कागद मिळाल्याशिवाय त्यांनी सही केली नसती. आणि आम्हीही त्यांना वेळीच विचारलं नाही, ही आमचीसुद्धा चूक.

म्हणून आमच्या गटाने ठरवलंय, कुणाही बाईने कुठलंही कर्ज घेतलं तरी सहीआधी कागद बैठकीत आणायचा. मुलगा वाचील, आपण ऐकू. ‘शॅल’, ‘मस्ट’, ‘विल हॅव टू’ दिसलं की खाली लाल रेघ मारायची आणि विचारायचं, हे कुणी करायचं, कधीपर्यंत करायचं, नाही केलं तर काय होईल? या तिन्हींची उत्तरं मिळाली, तरच सही.

तुमच्याही घरात असा एखादा कागद ट्रंकेत पडला असेल. आज रात्री जेवणं उरकली की काढा आणि मुलांना जवळ बसवून वाचा. पुढच्या बैठकीला भेटूच. नमस्कार.