ब्रिजर्टनमध्ये एक ‘ताई’ हवी होती

वाशी-ऐरोली लोकलमध्ये मी ‘ब्रिजर्टन’चा दुसरा सीझन तिसऱ्यांदा बघतेय. २०२२ मध्ये तो आला, आणि शर्मा बहिणी मुंबईहून लंडनला आल्यात हे ऐकून मी सीटवर उडालेच! पण घरात एकीला ‘दीदी’, दुसरीला बंगाली ‘बोन’, वडील ‘अप्पा’. ‘ताई’ काही कानावर पडलं नाही.

गोष्ट १८१४ ची. तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता. जेन ऑस्टिन जुलै १८१७ मध्ये गेली, आणि त्याच नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली. म्हणजे तिकडचे बॉल डान्स आणि इकडे पेशवाई बुडणं, एकाच काळातलं.

तरी मी बघणारच हो! फक्त आता ते गाऊन बघताना मध्येच खडकी आठवते. तुमचं काय होतं? व्हॉइस नोट पाठवा.