विहिरीची वही

(मंडळाच्या सेंगकांग येथील स्नेहसभेत केलेल्या भाषणाचा मजकूर, थोडा संपादित करून.)



विषय ऐकून दोघा-तिघांनी मला आधीच विचारलं, "अहो, सिंगापुरात कोळशाची खाण कुठे आणि विहीर कुठे?" खरं आहे. सेंगकांगमध्ये आपण नळ उघडतो आणि पाणी येतं. ते जोहोरहून आलं, समुद्राचं गोडं केलं की न्यूवॉटर आहे, हे कुणी विचारत नाही. संध्याकाळी आपण ज्या तरंगत्या बागेत फिरतो, तिच्याखालचं पुंगोल जलाशयाचं पाणीसुद्धा माणसानं नदी अडवून साठवलेलं आहे.

पण जमिनीखालचं पाणी इथेही मोजतात, आणि तेच माझं पोटापाण्याचं काम. एमआरटीचा बोगदा किंवा खोल तळघर खणायचं झालं, की आसपास पिझोमीटर बसवतात. नाव भारदस्त आहे, पण साधा प्रकार म्हणजे जमिनीत उभी सोडलेली बारीक नळी. तिच्या खालच्या टोकाला भोकं असतात. त्यातून पाणी आत शिरतं, आणि नळीत ते कुठवर चढलं हे आपण वाचायचं. खड्ड्यातून पाणी उपसलं, की आसपासची मऊ समुद्री माती दबते, जमीन खचते, शेजारच्या इमारतींना तडे जाऊ शकतात. म्हणून मोजणी सुरू होते ती खणायच्या आधी. आधीचा आकडा नसेल, तर नंतरच्या आकड्याला काही अर्थ नाही.

अर्थात नुसतं मोजूनही भागत नाही. २० एप्रिल २००४ ला निकोल हायवे कोसळला, चार माणसं गेली. कारण भूजल नव्हतं, आधाराच्या रचनेतल्या चुका होत्या. पण धोक्याच्या खुणा आधी दिसत होत्या आणि त्यांची नीट दखल घेतली गेली नाही, हेही चौकशीत निघालं.

आता तुम्हाला आमच्या भागात नेतो. मी चंद्रपूरचा. चंद्रपूर, घुग्घुस, राजुरा, पलीकडे यवतमाळ जिल्ह्यातलं वणी, हे सगळं वर्धा खोऱ्यातलं कोळशाचं क्षेत्र. तिथला कोळसा वालुकाश्माच्या थरांमध्ये आहे, आणि वालुकाश्म म्हणजे पाणी धरून ठेवणारा खडक. खुली खाण पाण्याच्या पातळीखाली गेली, की चारी बाजूंनी पाणी झिरपून खड्ड्यात येतं. कोळसा काढायचा तर ते पंपानं उपसून नाल्यात सोडावंच लागतं. मग खाणीभोवतीची पातळी बशीसारखी खाली वाकते, मधे जास्त आणि कडेला कमी. ही बशी किती दूर पसरेल ते खडकावर अवलंबून. त्यामुळे "दोन किलोमीटरवर काही होत नाही" किंवा "दहा किलोमीटरवरची विहीर खाणीनंच आटवली" ही दोन्ही विधानं मोजल्याशिवाय करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या मामांचं गाव अशाच एका खुल्या खाणीपासून जवळ. त्यांची विहीर पूर्वी मे महिन्यातही चालायची, आता मार्चमध्येच तळ दिसतो. खाणवाले म्हणतात पाऊस कमी झाला. गाव म्हणतं खाणीनं पाणी ओढलं. मी मामांना विचारलं, "खाण यायच्या आधी पाणी किती फुटांवर होतं?" मामा म्हणाले, "तुह्या सिंगापुरात खणाच्या आधी मोजतेत, अन् आमच्या इथं पाणी गेल्यावर इचारतेत, आधी किती होतं म्हणून!"

सरकारी नोंदी नाहीत असं नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून आहे. तिची माणसं ठरावीक निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजतात. पण आपली विहीर त्यात असेलच असं नाही. म्हणून मामांना मी एक वही करायला सांगितली. कठड्यावर ऑइल पेंटनं एक खूण करायची आणि कायम तिथूनच मोजायचं. वजन बांधलेली टेप सोडायची. सकाळी, मोटर सुरू करण्याआधी, कारण उपसा चालू असताना घेतलेला आकडा विहिरीचा नसतो, मोटरचा असतो. कठड्याची उंची वजा करायची. शेजारच्या रकान्यात पाऊस. आणि मुख्य म्हणजे खाणीपासून लांबची, पण त्याच खडकातली एक विहीर त्याच दिवशी मोजायची. दोन्ही सारख्या खाली गेल्या तर आधी पावसाकडे बघा. जवळचीच गेली तर खाणीला प्रश्न विचारता येतो. काही वर्षांची अशी वही असली, की अधिकारी खुर्ची पुढे ओढून ऐकतो.

पाण्याच्या गुणवत्तेबद्दलही थोडं सांगतो, कारण तिथे गैरसमज फार. कोळशाच्या थरांत थोडंफार लोह-गंधक असतं. उघडं पडून त्याला हवा-पाणी लागलं की आम्ल तयार होतं. वाटेतला चुनखडीचा अंश ते शमवतो, म्हणून पाणी आंबट लागेलच असं नाही. मात्र सल्फेट आणि जडपणा वाढतो. भारतीय मानकाप्रमाणे सल्फेट लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत हवं, दुसरी सोयच नसेल तर ४००. फ्लोराईडची मर्यादा १, फार तर दीड. पण चंद्रपूर-यवतमाळात फ्लोराईड मुळात खडकातून येतं, खाण नसलेल्या गावांतही. त्याचं खापर खाणीवर फोडलं की बाकीच्या खऱ्या तक्रारीही कुणी ऐकत नाही. नमुना घेताना हातपंप आधी काही मिनिटं चालवा, बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवायचं ठरलेलं आहे. त्या ताई कोण, हे आधी शोधा.

"इथे बसून आम्ही काय करणार?" असं मघाशी एका वहिनींनी विचारलं. सांगतो. खाणींच्या पर्यावरण मंजुरीत सहसा अट असते, की आसपासच्या विहिरी आणि पिझोमीटर मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, जानेवारीत मोजायचे. शिवाय २००६ च्या अधिसूचनेनुसार कंपनीनं दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यायचा असतो, आणि तो अहवाल सार्वजनिक असतो. अडचण एवढीच, की तो इंग्रजीत असतो, तक्त्यांनी भरलेला. गावात तो वाचायला वेळ कुणाला? आपल्यापैकी निम्मे लोक दिवसभर असेच तक्ते वाचतात. तुमच्या गावाजवळची खाण असेल तर तिचा अहवाल मागवा, आणि फोनवर घरच्यांना मराठीत वाचून दाखवा.

मी मामांना असाच एक वाचून दाखवला. त्यांनी पहिला प्रश्न केला, "आपली विहीर हाय का त्यात?" नव्हती. पण ओढ्यापलीकडच्या एका विहिरीचे आकडे होते. मामांनी त्या शेतमालकाला विचारून टाकलं. आता मामांची टेप तिथेही जाते, आणि डिसेंबरच्या अहवालाची वाट ते माझ्यापेक्षा जास्त बघतात.