विमानप्रवासाचा भार आणि गावचे झाड

(अकलूज येथे शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यापुढे केलेले भाषण)



नीरेकाठच्या या गावात विमानाच्या धुराविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु ९ जून २०२५ रोजी सोलापूरहून गोव्याची विमानसेवा सुरू झाली आणि आपल्या जिल्ह्याचा विमानाशी असलेला संबंध मान वर करून पाहण्यापुरता राहिला नाही. आपली मुले पुण्याहून दिल्लीस आणि मुंबईहून लंडनला शिक्षणासाठी, नोकरीसाठी जातात. त्यांनी अवश्य जावे. प्रश्न आहे तो या प्रवासाचा जो भार हवेवर पडतो त्याचा. आणि तो भार झाडांच्या रूपाने खेड्यातील जमिनीवर उतरविण्याच्या योजनांचा.

प्रथम हा भार मोजावा कसा, ते पाहू. विमानाचे एक किलो इंधन जळले की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एका किलोतून तीन किलो कसे, असे वर्गातील मुले विचारतील. इंधनातील कार्बनला हवेतील प्राणवायू येऊन मिळतो, म्हणून वजन वाढते. पुणे ते दिल्ली हे सुमारे दोन तासांचे उड्डाण आहे. १८० आसनांचे विमान तासाला अदमासे अडीच टन इंधन जाळते असे धरल्यास पाच टन इंधन लागते आणि जवळजवळ १६ टन वायू हवेत जातो. उतारू १५० असतील तर माणशी सुमारे १०५ किलो. ९० असतील तर १७५ किलो. मुंबई-लंडन जाऊन-येऊन हाच भार माणशी साधारण एक टन होतो. भारतीय माणसाचे सरासरी वार्षिक उत्सर्जन सुमारे दोन टन आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे एका फेरीचे वजन कळते. शिवाय हा हिशेब किमान समजावा. उंचावरील विमानामागे उमटणाऱ्या पांढऱ्या रेषाही पृथ्वीची उष्णता अडवून धरतात; त्यांची गणना यात नाही.

आता भरपाईचा विचार करू. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या वाढत्या उत्सर्जनाची भरपाई विमान कंपन्यांनी करावी, अशी योजना आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१६ साली मान्य केली. भारताच्या बाबतीत ती २०२७ पासून लागू होण्याची आहे. आपल्या केंद्र सरकारनेही २०२३ साली कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित केली. अशा योजनांत सर्वच लागवडी कसोटीस उतरतात असे नाही. तथापि वृक्षलागवडीचे करार घेऊन माणसे गावोगाव येऊ लागतील, हे उघड आहे. म्हणूनच पंचायतीला हा हिशेब यावयास हवा.

सुक्या लाकडाच्या वजनात सुमारे निम्मा भाग कार्बनचा असतो. त्यावरून एक टन वायू धरून ठेवण्यास साडेपाचशे किलो सुक्या लाकडाची वाढ व्हावी लागते. विमान दोन तासांत जे सोडते ते परत घेण्यास झाडाला वर्षानुवर्षे लागतात. कर्ज आज उचलले जाते. फेड मात्र पुढील पिढीच्या पावसावर अवलंबून राहते. झाड वाळले, तोडले किंवा जळले तर साठविलेला कार्बन पुन्हा हवेत जातो आणि थकबाकी कायम राहते. आपल्यासारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात ही शंका कागदोपत्री नाही. राज्यात १ जुलै २०१६ रोजी दोन कोटी रोपांच्या संकल्पाने मोठी लागवड मोहीम सुरू झाली आणि २०१९ साली उद्दिष्ट ३३ कोटींवर गेले. अशा प्रत्येक मोहिमेचे खरे यश किती खड्डे भरले यात नसून किती झाडे जगली यात असते.

तेव्हा कोणताही करार ग्रामसभेपुढे आल्यास पाच प्रश्न विचारावेत. हा करार नसता तर ही झाडे लागली असती काय? लागलीच असती, तर भरपाई कसली? उन्हाळ्यात पाणी कोण घालणार आणि रोप मेल्यास जबाबदारी कोणाची? तेच झाड दुसऱ्या योजनेच्या नोंदीत आधीच मोजलेले नाही ना? जमीन किती वर्षे अडकणार, आणि ती गायरान असल्यास गुरे चरावयास कोठे जाणार? शेवटी, शेतकऱ्याच्या हाती पैसा केव्हा आणि किती पडणार? यांची लेखी उत्तरे मिळाल्याखेरीज अंगठा वा सही देऊ नये.

आपल्या ऊस उत्पादक भागाला आणखी एक वाट खुणावते आहे. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीस गेलेल्या एका विमानात देशात तयार झालेले जैवइंधन अल्प प्रमाणात मिसळले होते. इथेनॉलपासूनही असे इंधन बनविता येते आणि इथेनॉल आपल्या साखर कारखानदारीला नवे नाही. ही संधी खरी आहे. मात्र उसाला लागणारे पाणी जमेच्या बाजूस विसरून केलेला हिशेब अपुरा ठरेल.

शिक्षक मित्रांना माझी एक विनंती आहे. मुलांकडून एका प्रवासाचा भार वर्गात काढून घ्यावा. रेल्वेने गेलो असतो तर काय, हेही त्यांना विचारावे. कारण टाळता येणारा धूर टाळणे हीच पहिली भरपाई होय. उरलेल्या भारासाठी शाळेच्या आवारात झाड लावावे आणि दरवर्षी जून महिन्यात त्याचा घेर मोजून वहीत लिहावा. लावणाऱ्याचे नाव पाटीवर नसले तरी चालेल. झाड जिवंत असल्याची नोंद मात्र चुकू नये.