घरची जत्रा

श्रोतेहो, चैत्र-वैशाख हे आपल्याकडे जत्रांचे महिने. चैत्री पौर्णिमेस कोल्हापूरजवळ वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाच्या सासनकाठ्या गुलालात न्हाऊन निघतात, आणि त्याच सुमारास गावोगावी ग्रामदेवतांच्या यात्रा भरतात. शाळांना सुट्टीही याच दिवसांत लागते. ज्या मुलांस गावी जाणे घडत नाही, त्यांच्याकरिता एखाद्या संध्याकाळी घरीच जत्रा भरवावी, अशी हौस आता पुष्कळ घरांतून दिसते. हौस उत्तम आहे. ती पार पाडताना काय सांभाळावे, त्याविषयी चार शब्द आज बोलावयाचे आहेत.

जत्रेत मुले दोन प्रकारची असतात. एकाच्या मुठीत पैसे असतात. दुसरे दुकानाच्या खांबाला धरून नुसते पाहत असते. त्याला जत्रा दिसते, पण लाभत नाही. गावच्या जत्रेतील हे अंतर आपल्याच्याने एका दिवसात मिटणार नाही. घरच्या जत्रेचे नियम मात्र आपण करतो. तेथेही ते अंतर उरले तर दोष सर्वस्वी आपला. यास्तव आखणीस बसताना ‘काय काय मांडावे’ याच्याही आधी ‘कोणते मूल नुसते पाहत उभे राहील’ हा प्रश्न स्वतःस विचारावा.

प्रारंभ निमंत्रणापासून करावा. सोळा मुले पुरेत. त्यांत वर्गातील व शेजारची असावीत, तशीच भांडी घासावयास येणाऱ्या बाईंची आणि रखवालदाराचीही असावीत. आणि ती पाण्याचे पेले भरण्यासाठी नव्हेत, पाहुणे म्हणून यावीत. निमंत्रणाच्या चिठ्ठीतच ‘भेटवस्तू आणू नये’ असे लिहावे, म्हणजे दारातच कोणाचा पुडा मोठा व कोणाचा लहान ही मोजदाद होत नाही.

या जत्रेतील नाणे चिंचोक्याचे. प्रत्येक मुलास दहा चिंचोके आणि एक कवडी द्यावी. चिंचोके खेळांसाठी, कवडी केवळ खाऊच्या दुकानी चालेल. असे केले म्हणजे सारे चिंचोके एकाच खेळावर उधळणारे मूलही उपाशी राहत नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा महागड्या साधनांची वाट न पाहता शंख, शिंपले, बिया, खडे यांतूनच मुलांची शिक्षणसाधने उभी केली. ज्या वस्तूंवर शाळा चालू शकली, त्यांवर आपली एका संध्याकाळची जत्रा खचितच चालेल.

दुकाने चार मांडावीत. पहिले कड्यांचे. पाण्याने भरलेल्या बाटल्या ओळीने ठेवून त्यांवर सुंभाच्या कड्या फेकावयाच्या. जत्रेतील दुकानदार कडी मुद्दाम तंग ठेवतो, कारण नेम चुकण्यावर त्याचा नफा असतो. आपली कडी बाटलीच्या दुप्पट रुंद असू द्यावी. दुसरे दुकान डबे पाडण्याचे. खाली तीन, त्यांवर दोन आणि माथ्यावर एक असे सहा रिकामे डबे रचावेत व चिंध्यांच्या चेंडूने पाडावेत. येथे जमिनीवर खडूने दोन रेघा आखाव्यात. लहानांनी तीन हातांवरून, मोठ्यांनी सहा हातांवरून फेकावे. सर्वांस एकच रेघ हा न्याय दिसतो, परंतु पाच वर्षांच्या मुलास तो न्याय होत नाही.

तिसरा आरसेमहाल. त्यास लागतात घासूनपुसून लख्ख केलेल्या मोठ्या पळ्या. पळीच्या आतल्या बाजूस पाहिले तर आपले तोंड उलटे दिसते, बाहेरच्या बाजूस सुलटे पण लहान. असे का होते ते आपण आधीच सांगून टाकू नये. मुलांना पळी जवळ नेऊन, दूर धरून पाहू द्यावे. चौथे दुकान खाऊचे. तेथे भेळ, कलिंगडाच्या फोडी आणि लिंबाचे सरबत असावे.

आता या साऱ्याचे मर्म सांगतो. दुकाने वडील मंडळींनी चालवू नयेत. प्रत्येक दुकानावर एक मोठे व एक लहान अशी दोन मुले बसवावीत. म्हणजे आठ मुले दुकानदार आणि आठ गिऱ्हाईक झाली. अर्ध्या तासाने घंटा वाजवावी आणि पाळी बदलावी. जो नेहमी गिऱ्हाईक असतो त्याला दुकानदाराचे कष्ट कळतात. ज्याला एरवी कोणी विचारत नाही, त्याच्यापुढे मुले रांग धरून उभी राहतात. शिक्षकाच्या पेशात मी अनेकदा पाहिले आहे की, अबोल मुलास बोल म्हटल्याने ते बोलत नाही. त्याच्या हाती एखादे काम सोपविले की बोलू लागते.

शेवटी चारही दुकानांची मिळकत एकाच मडक्यात ओतावी. कोणाची किती झाली ते मोजू नये, आणि पहिला-दुसरा नंबरही काढू नये. निघताना प्रत्येकास कागदाचे एकेक भिरभिरे द्यावे. मात्र सर्वांची सारख्याच आकाराची असावीत.

दोन सूचना सांगतो. अगदी लहान भावंडे येणार असतील तर त्यांच्या हाती चिंचोके, कवड्या किंवा फुटलेल्या फुग्यांचे तुकडे लागू देऊ नयेत. ती घशात अडकतात. त्यांना पुठ्ठ्याची मोठी तिकिटे द्यावीत. आणि जत्रा गच्चीवर भरविल्यास एका वडील माणसाने कठड्याजवळच बसून राहावे, इतर कोणतेही काम अंगावर घेऊ नये.

श्रोतेहो, या जत्रेस खर्च थोडा आहे. तयारी मात्र दोन दिवसांची आहे, आणि तीही मुलांकडूनच करवून घ्यावयाची आहे. कड्या वाकड्या वळल्या जातील, पाट्यांवर शुद्धलेखनाच्या चुका होतील, होऊ द्याव्यात. मडक्यातील चिंचोके धुऊन, वाळवून ठेवावेत. पुढल्या सुट्टीत ते पुन्हा उपयोगी पडतील, आणि यंदा जे मूल कोपऱ्यात बसले होते, तेच कदाचित ते मडके मागावयास येईल.