तिकडचे सहा महिने

मैत्रिणींनो, भूगाव-पिरंगुटकडे निवृत्तीनंतर राहायला आलेल्या आपल्यापैकी कितीतरी जणींची मुलं अमेरिकेत आहेत. बाळंतपण आलं की आपण निघतो. मी तीनदा गेले. पाहुण्यांच्या व्हिसावर साधारण सहा महिने राहता येतं, नोकरीला परवानगी नाही. मग पहाटेपासून बाळाची अंघोळ, पोळ्या, भांडी, हे काय असतं? पाळणाघराचे पैसे वाचतात ते कुणी मोजत नाही. आईचा 'तेवढाच वेळ जातो'. इथल्या कामवालीला आपण महिन्याला दोन सुट्ट्या देतो. देतो ना?

गाडी येत नाही, म्हणून भाजीलाही कुणाची तरी वाट बघायची. प्रवासी विम्यात जुनी दुखणी बहुधा बसत नाहीत, म्हणून गुडघा दुखतो हे बोलायचंच नाही. तिकडे कधी नोकरी न केलेल्या आईबापांना ग्रीन कार्ड मिळालं, तरी पासष्टीनंतर सरकारी 'मेडिकेअर' विकत घ्यायलासुद्धा आधी सलग 5 वर्षं तिथे काढावी लागतात.

नातवंडं मला जड नाहीत. पण निघण्याआधी विचारा: विमा कोण काढणार, सुट्टी कधी, हातखर्चाला किती? तिसऱ्या खेपेला मी लेकीला विचारलं. आधी ती रागावली. दोन दिवसांनी म्हणाली, "आई, रविवार तुझा." त्या रविवारी मी एकटी बसने वाचनालयात गेले. परत येताना थांबा चुकला, तासभर चालले.

बरं वाटलं.