पावसाळ्यातले ऊन आणि खोकला

मृग लागला की मालवण किनाऱ्याला ऊन पारखे होते. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, म्हणून ताजा बांगडा, तारलीही मिळेनाशी होते. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या दोन्ही वाटा अशा एकदम अरुंद होतात.

हाडांना ते हवेच. पण त्याने सर्दी-खोकला टळतो का? २०१७ साली २५ प्रयोगांच्या एकत्रित पाहणीत थोडा लाभ दिसला. २०२५ च्या त्याहून मोठ्या पाहणीत तो ठामपणे उरला नाही.

उघडीप मिळाली की गुरुजींनी मुलांना अंगणात जरूर न्यावे. कोवळ्या उन्हापेक्षा दहानंतरचे ऊन अधिक कामाचे; काचेआडचे निरुपयोगी. घरात सुका बांगडा असतोच! मात्र खोकला दोन आठवडे हटला नाही, तर सरकारी आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या. तिथे पैसे पडत नाहीत.